गिरणीसमोरचा स्पीडब्रेकर

समोरच्या पिठाच्या गिरणीचे महादेवप्पा यांच्यासाठी मी एकाच वर्षात दोन अर्ज लिहायला घेतले. पहिला, आमच्या रस्त्यावर स्पीडब्रेकर करून मिळावा म्हणून. दुसरा, तोच स्पीडब्रेकर काढून टाकावा म्हणून. दोन्ही वेळा ते माझ्या व्हरांड्यात त्याच वेताच्या खुर्चीवर बसले, दोन्ही वेळा त्यांच्या भुवयांवर पीठ होतं, आणि दोन्ही वेळा ते म्हणाले, "अक्का, जरा कडक लिवा. वाचताना सायबाला झोप लागली न्हाय पायजे."

पहिला अर्ज पूर्ण झाला. दुसरा 'विषय' लिहून तिथेच थांबला. या दोन अर्जांच्या मध्ये कुणाला काय हवं होतं आणि शेवटी कुणाला काय मिळालं, हे मी स्वतःला अनेकदा समजावून पाहिलं. मिशनच्या शाळेत आमच्या सिस्टरांनी लावलेली रोज लिहायची सवय माझ्या अंगात अजून आहे, पण या प्रकरणाचं मी जितकं लिहिलं तितका माझा गोंधळ वाढला. म्हणून आता प्रकरण बाजूला ठेवून महादेवप्पांविषयीच लिहिते.

महादेवप्पा मूळचे अक्कलकोटकडच्या एका खेड्यातले. घरात कानडी, गिरणीत मराठी, शेजारच्या विणकरांच्या बायका दळण घेऊन आल्या की मोडकं तेलुगू, आणि बायकोशी भांडताना तिन्ही भाषा. तरुणपणी कापडाच्या मिलमध्ये कामाला होते. मिल बंद पडल्यावर त्यांनी भवानी पेठेजवळच्या आमच्या रस्त्यावर एक जुनी चक्की घेतली. तेव्हापासून आमच्या घरातल्या ज्वारीचं पीठ त्यांच्याच हातचं. माझे यजमान गेले त्या आठवड्यात घरात भाकरी करायला कुणाला सुचत नव्हतं, तर महादेवप्पांच्या बायकोने, काशम्मांनी, कडक भाकऱ्यांची चवड आणि शेंगाची चटणी आणून ठेवली. "खावा अक्का, ही आठ दिवस ऱ्हाती," एवढंच बोलल्या आणि गेल्या.

काशम्मा दिवसभर गिरणीतच असतात. डबे ओळीत लावायचे, कुणाचं दळण जाड, कुणाचं बारीक ते लक्षात ठेवायचं, आणि चक्कीच्या आवाजात नवऱ्याला ओरडून सांगायचं. एवढी वर्षं त्या घरघरीत राहून त्यांना ऐकू कमी येतं. हे त्यांना मान्य नाही. "मला ऐकू येतंय की. लोकंच बारीक बोलत्यात," असं त्यांचं म्हणणं.

आता काठीविषयी सांगायला हवं, कारण महादेवप्पांच्या आयुष्यात गिरणी पोटासाठी आणि काठी बाकी सगळ्यासाठी. संक्रांतीला आमच्याकडे सिद्धेश्वरांची यात्रा भरते. तिच्यात नंदीध्वजांची मिरवणूक निघते. नंदीध्वज म्हणजे दुमजली घराच्याही वर जाणारी जड काठी. तिचं खालचं टोक कमरेच्या पट्ट्यात रोवून एकच माणूस ती पेलत चालतो. भोवती बाकीचे हात वर करून तयार असतात, पण तोल त्याचा एकट्याचा. पेलणारा अनवाणी चालतो आणि नजर सतत काठीच्या शेंड्यावर ठेवतो. खाली पाहिलं की काठी गेली. म्हणून दिवाळी झाली की पेठापेठांतून संध्याकाळी साध्या काठ्या घेऊन सराव सुरू होतो.

महादेवप्पा मिसरूड फुटल्यापासून काठी पेलत होते. मी त्यांना पाहिलेलं आहे. गिरणीत वाकून वाकून काम करणारा हा माणूस काठीखाली आला की असा सरळ व्हायचा की ओळखू येऊ नये. मग एका पावसाळ्यात ज्वारीचं पोतं उचलताना त्यांची कंबर गेली. डॉक्टरांनी काठीला हात लावायचा नाही म्हणून सांगितलं. "एवढी वर्सं देवाची काठी पेलली, काय झालं न्हाय," ते मला म्हणाले, "आन् जवारीच्या पोत्यानं मारलं बघा."

त्यांची सगळी आशा मग मुलावर आली. भीमाशंकर त्यांचा एकुलता एक. तो मोटारसायकलवरून घरोघर पार्सलं पोचवतो. पाठीवर एवढी थोरली पिशवी, कानात वायर, आणि गाडी अशी की तो आला हे कळेपर्यंत तो गेलेला असतो. अशा मुलाने काठी पेलायची म्हणजे पाऊल मोजून चालायचं. महादेवप्पांना वाटायचं, हे याला जमणार नाही. आणि याला जमलंच पाहिजे, असंही त्यांना त्याच वेळी वाटायचं. माझ्या गोंधळाची सुरुवात इथूनच होते.

आमचा रस्ता तसा घरगुती. पण पलीकडच्या मोठ्या रस्त्यावर गर्दी व्हायला लागली तशा रिक्षा, टेम्पो आणि मोटारसायकली इकडून वळू लागल्या. सरळ रस्ता, मध्ये काही आडवं नाही. लोक सुसाट जात. मागच्या उन्हाळ्यात काशम्मा समोरून माझ्याकडे येत होत्या, हातात ताकाचा तांब्या. एक मोटारसायकल मागून हॉर्न वाजवत आली. काशम्मांना तो ऐकू आला नाही. हँडल कमरेला लागून त्या पडल्या. घोटा सुजला, महिनाभर लंगडत होत्या. ती गाडी कुणाची होती ते कळलं नाही.

दुसऱ्याच दिवशी महादेवप्पा माझ्याकडे अर्जासाठी आले. मी लिहिलेला मसुदा त्यांनी तीनदा वाचून घेतला. "'वृद्ध महिला' लिवलंय व्हय? ते तिला दाखवू नका," म्हणाले. सह्या घ्यायला ते स्वतः घरोघर फिरले. कोपऱ्यावरच्या रंभाबाईंनी अंगठा देताना टोमणा मारलाच. या बाई केम गावच्या, मुलाकडे राहायला आलेल्या, जीभ धारदार.

"म्हादेवप्पा, आदी तुमच्या पोराला ब्रेक लावा की. त्योच इमान उडवतोय हितनं."

"त्याच्यासाटीच करून घ्यायलोय," महादेवप्पा म्हणाले.

अर्जाचं काम पावसाळा संपता संपता झालं. कंत्राटदाराची माणसं आली, डांबर ओतलं, रोलर फिरवला, आणि बरोबर गिरणीसमोर, या गटारापासून त्या गटारापर्यंत, काळा उंचवटा तयार झाला. फार उंच नव्हता. दोन दिवसांनी त्यावर पांढरे पट्टे ओढले. महादेवप्पांनी कामगारांना चहा दिला. गाड्या खरोखरच थांबून थांबून जाऊ लागल्या. काशम्मा दिवसातून उगाचच दोनदा जास्त माझ्याकडे येऊ लागल्या. रस्त्याच्या मधोमध थांबून त्या डावीकडे बघत, उजवीकडे बघत, आणि रिक्षावाल्याला हाताने 'जा' म्हणत. भीमाशंकर मात्र पहिल्याच दिवशी आपटला. पार्सलं सांडली. "अप्पा, घरच्याच मानसाला आदी पाडलं बघा," तो हसत म्हणाला.

दिवाळी झाली आणि सराव सुरू झाला. पहिल्याच संध्याकाळी महादेवप्पा दळण अर्ध्यावर टाकून माझ्याकडे आले.

"अक्का, त्यो काढून टाकायला पायजे."

"काय?"

"स्पीडब्रेकर ओ. अर्ज लिवा."

मी चष्मा काढून त्यांच्याकडे पाहिलं. मला वाटलं, कुणी पडलं असेल. कुणी पडलं नव्हतं. तर झालं होतं असं, की सरावाची काठी याच रस्त्यावरून जाते. आजूबाजूच्या गल्ल्यांत विजेच्या आणि केबलच्या तारा इतक्या खाली आल्या आहेत की काठी उभी नेता येत नाही. आमच्या रस्त्यावर खांब एका बाजूला, वर मोकळं आभाळ. मारुतीच्या देवळापासून निघायचं आणि गिरणी ओलांडून टोकाला वळायचं, ही सरावाची वाट. यंदा पहिल्यांदा भीमाशंकरला पूर्ण वाट काठी न्यायची होती. आणि त्या वाटेत, नजर आभाळात असणाऱ्या अनवाणी पोरासमोर, त्याच्या बापाने स्पीडब्रेकर घालून ठेवला होता.

"तुम्हांला हे आधी सुचलं नाही का?" मी विचारलं.

"काठी उनाळ्यात कुटं आठवती?" ते म्हणाले. मग म्हणाले, "आठवली असती तरी केला असता. तिचा पाय बघितला न्हाय का तुमी?"

"मग आता काढायचा?"

"व्हय."

"आणि काशम्मा?"

त्यांनी भुवईवरचं पीठ पुसलं, ते कपाळावर पसरलं.

मी अर्ज लिहायला घेतला. 'विषय' लिहिला तोच काशम्मा दारात. त्यांना कसं कळलं कोण जाणे.

"अक्का, त्यांनी काय बी सांगू दे, लिवू नका. बेड!" कानडीतला नकार त्यांनी हाताने पण केला. "माजा रस्ता हाय त्यो. पोराला न्हाय जमत तर घरी बसंल. मी घरात बसून ऱ्हाऊ काय?"

"त्यांना भीती वाटते हो, मुलगा पडेल म्हणून."

"मला न्हाय वाटत भेव? मी आय हाय त्याची." आणि मग लगेच, "पण बसवा त्याला घरी. त्याला बी बरंच."

म्हणजे काशम्मांना मुलाने काठी पेलावी असं वाटत होतं की नव्हतं? मी विचारलं. त्या म्हणाल्या, "पेलंल की. माजं पोरगं हाय. का न्हाय पेलणार?" आणि तांब्या घेऊन रस्ता ओलांडून गेल्या. मी नवऱ्याला लिहिते म्हणाले होते, बायकोला लिहीत नाही म्हणाले. कागद तसाच टेबलावर राहिला.

भीमाशंकरला मी एकदा थांबवून विचारलं, बाबा, तुझं काय म्हणणं? तो गाडीवरून न उतरता म्हणाला, "आज्जी, यात्रेच्या वाटंवर काय चढ-उतार न्हाईत काय? तितं अप्पा पहार घेऊन माज्या पुढं पुढं चालणार हायेत काय?" हे शहाणपणाचं होतं. पण त्याच संध्याकाळी सरावात स्पीडब्रेकरच्या आधी चार पावलांवर तो थांबला आणि त्याने काठी दुसऱ्याच्या हाती दिली. पुढच्या दिवशीही तसंच. काठी बदलत बदलत नेतात, त्यात वावगं काही नाही. पण बदलायची जागा रोज तीच. गिरणीच्या दारात उभे असलेले महादेवप्पा प्रत्येक वेळी मान फिरवून आत जात.

सरावाचे म्होरके सिद्धाप्पा. पांढऱ्या मिशा, आवाज खर्जातला. यंदा कुणाला काठी द्यायची ते सिद्धाप्पा आणि त्यांच्याबरोबरची जुनी माणसं ठरवतात. ते गिरणीत दळण न्यायला आले तेव्हा मीही डबा घेऊन उभी होते.

"म्हादेवप्पा, पोरगं चांगलं हाय तुजं. पण हितं येऊन का थांबतंय?"

"थांबतंय होय? माजं लक्ष न्हाय," महादेवप्पा चक्कीत दाणे सोडत म्हणाले.

"शनवारी आमी समदे बघायला येणार. देवळापास्नं टोकापातूर, मदी हात बदलायचा न्हाय. नेली तर यंदा यात्रेत त्याची पाळी. न्हाय नेली तर फुडल्या वर्सी बघू." आणि जाता जाता, "तुज्या गिरणीम्होरं ह्यो डोंगर कुनी घातला रं?"

काशम्मा डबा लावत होत्या. ऐकू कमी येणाऱ्या काशम्मांना हे मात्र स्पष्ट ऐकू आलं. "मी घातला," त्या म्हणाल्या.

सिद्धाप्पा हसले. महादेवप्पा हसले नाहीत.

त्यानंतर त्यांनी जे केलं ते मला आधी कळलंच नाही. बुधवारी संध्याकाळी, सरावाच्या थोडं आधी, ते गिरणीतलं झाडलोटीचं पीठ आणि कोंडा टोपलीत भरून रस्त्यावर आले. स्पीडब्रेकरच्या दोन्ही बाजूंना, दोन पावलं सोडून, त्यांनी पिठाचा जाड पट्टा ओढला, गटारापासून गटारापर्यंत. मी व्हरांड्यातून विचारलं, "महादेवप्पा, हे काय?"

"काय न्हाय, काय न्हाय," ते म्हणाले.

काशम्मांनी मला नंतर सांगितलं. अनवाणी पायाला डांबर खरखरीत लागतं, पीठ मऊ लागतं. पीठ लागलं की पोराला न बघता कळावं, आता पुढे उंचवटा आहे. मला ही युक्ती फारच आवडली. पण त्या संध्याकाळी नेमका भीमाशंकर कामावरून वेळेवर आला नाही, आणि पिठाचा पट्टा त्याच्या पायाला न लागता तसाच राहिला.

दुसरा दिवस मार्गशीर्षातला गुरुवार. सकाळी दार उघडलं तर रंभाबाई न्हाऊन, डोक्यावरून पदर घेऊन रस्त्याच्या मधोमध वाकलेल्या. स्पीडब्रेकरवर हळद होती, कुंकू होतं, झेंडूची दोन फुलं होती. उदबत्ती गटाराच्या कडेला विटेच्या फटीत खोचलेली.

"रंभाबाई, हे काय करताय?"

"पूजा करायले बाई."

"स्पीडब्रेकरची?"

"त्ये मला काय म्हाईत? पीठ ओढल्यालं दिसलं दोनी अंगाला. म्या म्हनलं, काठी जायाची वाट हाय, मानकऱ्यांनी खूण केली आसंल. आसल्या दिसात म्या कोरडीच ओलांडून जाऊ व्हय?"

मी समजावून सांगायला पुढे झाले, पण काय सांगणार होते? की ते झाडलोटीचं पीठ आहे? तोवर शेजारच्या गल्लीतल्या दोघी आल्या, त्यांनी रंभाबाईंचं पाहून हळदकुंकू वाहिलं. नऊ वाजेपर्यंत कुणीतरी नारळही ठेवला. मोटारसायकलवाले लांबूनच वेग कमी करू लागले. काही तर उतरून, गाडी हाताने ढकलत, फुलं चुकवत कडेने गेले. एका रिक्षावाल्याने थांबून छातीला हात लावला. एक गाय पिठाचा पट्टा चाटत उभी राहिली, तिला कुणी हाकललं नाही. स्पीडब्रेकर झाल्यापासून रस्ता इतका संथ कधीच नव्हता.

आणि हे सगळं दाराच्या आडून बघत असलेल्या महादेवप्पांचा चेहरा मला काही केल्या वाचता येईना.

शुक्रवारी दुपारी ते पहार घेऊन बाहेर आले. रस्त्यावर ऊन आणि शांतता. मला वाटलं, अर्जाची वाट बघून कंटाळले. ते स्पीडब्रेकरजवळ गेले, पहार उचलली. फुलं सुकून काळी पडली होती, कुंकू डांबराला चिकटलेलं. पहार तशीच वर राहिली. मग त्यांनी ती हळूच खाली टेकवली, वाकून फुलं उचलली, कडेला ठेवली, आणि पुन्हा पहार घेतली. तेवढ्यात काशम्मा सूप घेऊन आल्या आणि स्पीडब्रेकरवर मांडी घालून ज्वारी पाखडायला बसल्या.

"ऊठ," महादेवप्पा म्हणाले.

काशम्मा पाखडत राहिल्या.

"काशी, ऊठ म्हंतो ना."

"ऐकू येत न्हाय मला," काशम्मा म्हणाल्या.

कोपऱ्यावरून रंभाबाई ओरडत आल्या. "आवो, पुजल्याल्या जाग्याला पहार लावताव? तुमी काठी पेलनारं मानूस!"

"ते पीठ मीच टाकलं होतं!" महादेवप्पा ओरडले. "गिरणीचं! झाडलोटीचं!"

रंभाबाईंनी कमरेवर हात ठेवले. "मग तुमीच खूण केली की," त्या म्हणाल्या. "आन् आता तुमीच मोडताव?"

महादेवप्पा माझ्याकडे वळले. मी पुस्तकं वाचलेली बाई. त्यांनी मला विचारलं, "अक्का, तुमी सांगा. मोडावं का ठेवावं?" मी खरं ते सांगितलं, की मला कळत नाही. काशम्मांचा घोटा आठवला की ठेवावा वाटतो, पोराचा तोल आठवला की मोडावा वाटतो. ते म्हणाले, "माजं बी तसंच हाय ओ." पहार भिंतीला टेकवून ते आत गेले. काशम्मा ऊन उतरेपर्यंत तिथेच पाखडत बसल्या. गाड्या त्यांना वळसा घालून जात होत्या.

शनिवार आला. संध्याकाळी देवळाकडून हलगी सुरू झाली. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना माणसं. सिद्धाप्पा आणि जुनी माणसं गिरणीच्या पुढे, स्पीडब्रेकरच्या पलीकडे उभी होती. पीठ यावेळी नव्हतं. रंभाबाईंनी सकाळी रस्ता झाडून सडा टाकला होता, आणि पुन्हा पट्टा ओढायची हिंमत महादेवप्पांना झाली नसावी. आणि गिरणी चालू होती. सरावाच्या वेळी ती नेहमी बंद असते. दळायला एकही डबा नव्हता, तरी चक्की रिकामी घरघरत होती. रिकामी चक्की चालवली की दगड खराब होतात, हे त्यांनीच मला कधीतरी सांगितलं होतं. मी आत डोकावले. महादेवप्पा दाराकडे पाठ करून, चक्कीच्या फिरत्या पट्ट्याकडे बघत उभे.

"चला की बाहेर. येतोय तो."

त्यांनी मान हलवली. नाही म्हणून की ऐकू आलं नाही म्हणून, कळलं नाही.

मी बाहेर आले. काशम्मा कडेला हात जोडून उभ्या होत्या. "एकदा भक्तलिंग हर बोला हर!" असा गजर झाला आणि काठी वळणावर दिसली. आधी शेंडा, मग हळूहळू खालचा भाग, मग भीमाशंकर. हा मुलगा इतका सावकाश चालू शकतो हे मला माहीतच नव्हतं. मान मागे, गळ्याच्या शिरा ताणलेल्या, दोन्ही हात काठीला. त्याच्या मागे एक टेम्पो, दोन रिक्षा आणि कितीतरी मोटारसायकली, सगळ्या पायाच्या गतीने येत होत्या. कुणी हॉर्न वाजवला नाही.

तो त्या रोजच्या जागी आला, जिथे काठी बदलायचा. हलगी वाढली. काठी किंचित डावीकडे झुकली. सगळ्यांच्या तोंडून 'अं' असा आवाज निघाला. शेंडा आभाळात थरथरला, थांबला, पुन्हा सरळ झाला. मग तो पुढे सरकत राहिला. सरकत राहिला, आणि सिद्धाप्पांनी हात वर केला तेव्हा माझ्या लक्षात आलं की तो केव्हाच पलीकडे गेला आहे.

चक्की बंद झाली. महादेवप्पा दारात आले.

"पडला?"

"नाही हो, गेला! टोकाला पोचला असेल."

"स्पीडब्रेकर?"

"ओलांडला."

"कसा? पाय कसा टाकला त्यानं? घासत का उचलून?"

मी उत्तर द्यायला गेले आणि मला काहीच आठवेना. मी शेंड्याकडे बघत होते. "मी पाहिलं नाही," मी म्हणाले.

ते काशम्मांकडे वळले. त्या डोळे पुसत होत्या. "मी देवाकडं बघत होते," त्या म्हणाल्या. रंभाबाई म्हणाल्या, उचलून टाकला. रिक्षावाला म्हणाला, नाही, काका, घासत गेला. सिद्धाप्पा परत आले, त्यांनी महादेवप्पांच्या खांद्यावर हात ठेवला, पोराला यात्रेत पाळी दिली म्हणून सांगितलं. महादेवप्पांनी त्यांनाही तेच विचारलं. सिद्धाप्पा गोंधळले. "काठी जाताना पायाकडं कोन बघतंय रं?"

शेवटी भीमाशंकरच आला, घामाने भिजलेला. बापाने त्याला जवळ घेतलं नाही, शाबासकी दिली नाही. "कसा ओलांडलास?" एवढंच.

भीमाशंकर स्पीडब्रेकरकडे बघत राहिला. "काय की, अप्पा. आला कवा आन् गेला कवा, मलाच कळलं न्हाय."

"रोज का थांबत होतास मग?"

"तुमी दारात हुबं ऱ्हायचा न्हवं," तो म्हणाला. पुढे आणखी काही सांगणार होता, पण मित्रांनी त्याला ओढत नेलं.

गर्दी पांगली. मी व्हरांड्यात येऊन बसले. थोड्या वेळाने बघते तर महादेवप्पा चपला काढून रस्त्यावर आलेले. दोन्ही हात पोटाशी, जणू काठी धरली आहे. मान मागे टाकून, आभाळाकडे बघत, ते स्पीडब्रेकरकडे चालू लागले. पायाच्या अंगठ्याला ठेच लागली. कळवळून थांबले. मागे गेले, पुन्हा निघाले. पुन्हा ठेच.

एक मोटारसायकलवाला ब्रेक लावून थांबला. "ओ काका, वर काय हारवलंय काय?"

त्याच्या मागे रिक्षा थांबली, पलीकडून टेम्पो थांबला. महादेवप्पांना त्याचं भान नव्हतं.

"अक्का," ते तिथूनच मला म्हणाले, "मला येत न्हाय ओ. एवढी वर्सं पेलली, आन् ह्यो एवढासा उंचवटा मला येत न्हाय. त्याला कसा आला?"

त्यांच्या चेहऱ्यावर आनंद होता की दुःख, मी अजूनही ठरवू शकलेले नाही. मी म्हणाले, "तुमच्या वेळी रस्त्यात असलं काही नव्हतं ना."

"तेच की," ते म्हणाले. आणि अंगठा चोळत, "का तेच न्हाय?"

काशम्मा गिरणीतून बाहेर आल्या. मला वाटलं, त्या नवऱ्याला हाताला धरून घरात नेतील. त्या रस्त्याच्या मधोमध जाऊन उभ्या राहिल्या, एक हात रिक्षाकडे आडवा केला, दुसरा टेम्पोकडे.

"बघू दे त्यांना अजून एकदा," त्या टेम्पोवाल्याला म्हणाल्या.

महादेवप्पांनी मान मागे टाकली आणि गिरणीच्या दारापासून पुन्हा चालायला सुरुवात केली.